आईच्या हातातली पळी

साहेब येणार असल्याची खबर आमच्या घरात मला आधी कानांनी कळायची. पहाटे आई माळ्यावरची लोखंडी पेटी खाली ओढायची. तिची कडी करकरायची, झाकण भिंतीवर आदळायचं आणि आतून जांभळी साडी निघायची. एरवी पेटी निघत नसे. एरवी आई जुनं पातळ कमरेला खोचून शाळेत जायची आणि दुपार कलल्यावर परत यायची, तेव्हा तिच्या हातांना राखेचा आणि ओल्या काथ्याचा वास असायचा. पेटी निघाली त्या दिवशी मात्र तिच्या हातांना मोहरीचा, हळदीचा, वरणाच्या फोडणीचा वास यायचा. लहानपणी मला वाटायचं की आईला हातांचे दोन जोड आहेत, एक रोजचा आणि एक पेटीतला.

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मलाही कळतं. अजून तिशीच चालू आहे. पण आमच्या भागाबद्दल लिहिणारे बाहेरून येतात, महिना दोन महिने राहतात आणि लिहून मोकळे होतात. ते म्हातारं व्हायची वाट पाहत नाहीत, मग मीच का पाहू? गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. मध्य प्रदेशात, सौंसरकडून पांढुर्ण्याकडे जाताना रस्त्यावरून दिसतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की वाचणारे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि म्हणतात, बरोबर, त्या एका गावात तसं असेल.

आमचा मोहल्ला नाल्याच्या अलीकडे, कास्तकारांची, म्हणजे जमीनवाल्या शेतकऱ्यांची, घरं पलीकडे, आणि शाळाही पलीकडेच. बाबा संत्र्याच्या बागांत तोडीला जायचे. हिवाळाभर त्यांच्या सदऱ्याला सालीचा तेलकट वास असायचा, धुऊनही न जाणारा. शनिवारी जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्या जीपगाड्या भोंगे लावून रस्त्यावरून धावायच्या आणि आमच्या घरातलं बोलणं तेवढा वेळ थांबायचं. शाळेत हिंदी, घरात आमची बोली, विहारात पाली, अशा तीन भाषा मी एका दिवसात वापरायची आणि कोणतीच बरोबर बोलत नाही असं तिन्हीकडचे लोक सांगायचे. भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, एक तथागताची आणि एक निळ्या कोटातली. शाळेतलं उरलेलं वरण आई डब्यात आणायची. रात्री ज्वारीची भाकर त्यात कुस्करून आम्ही खायचो. रोजचं वरण पाणचट असे. पेटीच्या दिवशीचं वरण दाट, लसणाचं. बाबा पहिला घोट घेऊन म्हणायचे, "आज सायबानं मस्त रांधलं वं!" आई हसू दाबत म्हणायची, "खा गुपचूप. साहेब रोज येत नाई."

आता ती पद्धत सांगते. शाळेतलं दुपारचं जेवण बायकांचा एक समूह चालवायचा. समूहाच्या अध्यक्ष सुमनबाई, मोठ्या कास्तकाराच्या घरातल्या. कागदावर दोन रसोइया, म्हणजे स्वयंपाकिणी, होत्या, सुमनबाईंची जाऊ कांताबाई आणि माझी आई पंचफुलाबाई. प्रत्यक्षात आई सरपण फोडायची, तांदूळ निवडायची, अंगण झाडायची, भांडी घासून उन्हात पालथी घालायची. त्या भांड्यांवर कांताबाई पुन्हा पाण्याचा शिपका मारायची आणि मग आत न्यायची. एकदा तांदूळ पाण्यात पडला की आईचा त्याच्याशी संबंध संपला. चुलीच्या खोलीचा उंबरा ती ओलांडायची नाही. तशी मनाई कोणी केली नव्हती. मनाई केली तर केस होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. ते फक्त तसं होतं.

पण तहसीलातून, जिल्ह्यातून कोणी बघायला यायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी गुरुजींना फोन यायचा आणि गुरुजी पोराकरवी निरोप धाडायचे, "पंचफुलाबाई, उद्या चुलीपाशी." त्या दिवशी कांताबाई बाजूला बसून लसूण सोलायची आणि आई जांभळ्या साडीत चुलीपुढे, हातात पळी. साहेब विचारायचे, हे जेवण कोण बनवतं? गुरुजी हात करायचे. साहेब खूश व्हायचे, दोन घास खायचे, फोटो काढायचे. गावाला बाहेरचा माणूस येतो तेव्हा आपण कसं दिसलं पाहिजे हे पक्कं माहीत होतं. आमच्या लोकांवर दगड टाकणारं गाव नव्हतं हे. हुशार गाव होतं.

आणि खरी गोष्ट ही की आई त्या दिवसांची वाट पाहायची. मला ते सहन व्हायचं नाही. मी तेव्हा सौंसरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, आमची पोरापोरींची संघटना होती आणि मला पत्रकं लिहायची जबाबदारी होती. पत्रकात चौथ्या ओळीच्या आत मुद्दा आला पाहिजे, विशेषण एकच वापरायचं आणि ते शिवीसारखं लागलं पाहिजे, हे मला तिथे शिकवलं. अजून मी तशीच लिहिते, वाचणाऱ्याला टोचत असेल तर टोचू दे. मी घरी येऊन आईला म्हणायची, "हे नाटक हाय. तुला त्यायनं बाहुली करून ठेवलं हाय." आई पेटीत साडी घडी करून ठेवायची आणि म्हणायची, "असू दे. त्या दिवशी लेकरं मले रसोइयाबाई म्हणतात." मी म्हणायची, अन् बाकीच्या दिवशी? बाकीच्या दिवशी कोणी काही म्हणत नसे, ए बाई, एवढंच. मी तोंडातल्या तोंडात घोषणा देत बाहेर जायची. आईला पळी हवी होती. एवढंच हवं होतं तिला या जगाकडून, आणि माझ्याकडे तिच्यासाठी पत्रकं होती.

अशात नंदिता मॅडम आल्या. पुण्याच्या, मोठ्या विद्यापीठातल्या, शाळेतल्या जेवणामुळे गावातली जात किती विरघळली याचा अभ्यास करायला. त्यांना आमची बोली नीट कळत नव्हती, म्हणून कॉलेजच्या सरांनी मला त्यांच्यासोबत दिलं. गावातले लोक प्रथम समजले की बाई गोटमारीसाठी आल्या. बाहेरचा माणूस आमच्या भागात त्याचसाठी येतो, जाम नदीच्या काठावर उभं राहून दगडांनी डोकी फुटताना बघायला आणि मग आम्ही किती रानटी यावर लिहायला. पानटपरीवाला मला म्हणाला, "सुजाता, तुह्या मॅडमले सांग, गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते. लय लवकर येऊन राहिल्या." मॅडम हसल्या. त्या मनापासून हसायच्या, हे मला कबूल करावं लागेल. वाईट माणूस असत्या तर हे प्रकरण लिहायला सोपं गेलं असतं. त्या चप्पल काढून आमच्या घरात जमिनीवर बसायच्या, आईच्या हातची भाकर मागून खायच्या, आणि गावात कोणी माझ्याशी अरेतुरे केलं तर त्यांच्या कपाळावर आठी यायची.

त्या एका निवृत्त गुरुजींकडे राहिल्या, पलीकडच्या मोहल्ल्यात. मॅडमचं आडनाव ऐकलं की दारं उघडायची, आणि नुसती पुढची नव्हे, थेट स्वयंपाकघरापर्यंत. पहिली मुलाखत सुमनबाईंची. सुमनबाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं, चुलीजवळ पाट दिला. मी ओसरीत थांबले. मला कोणी थांब म्हटलं नाही, पण या म्हणून जो हात पुढे झाला तो एकीच्याच खांद्यावर पडला. मुलाखत आत सुरू झाली आणि दुभाषी बाहेर. मॅडम आतून ओरडून विचारायच्या, "सुजाता, 'इटाळ' म्हणजे काय गं?" आणि मी खांबाला टेकून ओरडायची, "विटाळ, मॅडम." आतून सुमनबाईंचा आवाज यायचा, "आता कोन मानते मॅडम तसलं? जुने लोक मानत. आमच्याकडे तर सारे सारखेच." मग चहा आला. मॅडमना आत कपबशीत, मला ओसरीत कागदी कपात. नवा, स्वच्छ, फेकायचा कप. परत जाताना मॅडम म्हणाल्या, "बघ, तुझ्यासाठी खास डिस्पोजेबल कप काढला. किती काळजी घेतात."

मी या भागात जन्मले, त्या पंधरा दिवसांपूर्वी आल्या, आणि आमच्या गावातल्या स्वयंपाकघरांचं वर्णन त्यांच्याकडून मला ऐकावं लागलं, की फडताळ कुठे आहे, देव्हारा कुठे आहे, लोणच्याच्या बरण्या किती उंचीवर आहेत. मी ऐकत राहायची. मला ओसरी माहीत होती. एकेका घराची ओसरी मी डोळे मिटून सांगू शकते.

पण त्या दिवसांत आमच्या घरात वेगळंच काही सुरू होतं. मॅडम रोज शाळेत जाऊन बसायच्या, म्हणून आई रोज चुलीपुढे. पेटी माळ्यावर परत गेलीच नाही, खालीच राहिली. जांभळी साडी आई रात्री धुवायची आणि सकाळी दमट दमट नेसायची, मग शेजारणीकडून एक हिरवी मागून आणली. रोज संध्याकाळी तिच्या हातांना फोडणीचा वास. ती बोलायला लागली होती. लहान्यायले झोंबते म्हणून मिरची कमी टाकली, बटाटे बारीक चिरले की लवकर शिजतात, सातवीतल्या एका पोट्टीनं दोनदा वरण मागितलं, असं काहीबाही, भाकरी थापता थापता, थांबतच नसे. बाबा मला डोळ्यांनी खुणवायचे, बघ. एकदा ती गुणगुणत होती. मी तिला त्याआधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. "तुह्या मॅडमले म्हणा," ती म्हणाली, "घाई काऊन करून राहिल्या? निवांत करा अभ्यास. गाव मोठं हाय."

कास्तकारांची काही पोरं त्या दिवसांत घरून डबा आणू लागली. कोणाचं पोट दुखायचं, कोणाचा उपास असायचा. मॅडमनी लिहून घेतलं, पालक आता मुलांच्या आहाराबाबत जागरूक झाले आहेत. मला ते त्यांनी उत्साहाने वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुझी आई किती आनंदानं काम करते! किती वर्षं करतेय ती स्वयंपाक?"

मी म्हणाले, "तुम्ही आल्यापासून."

मग मी सगळं सांगितलं. पेटी, निरोप, उंबरा, पाण्याचा शिपका. पत्रकासारखं सांगितलं, धडाधड. आजही मला वाटतं की बरोबर केलं, आणि मला कोणी उलट पटवून देऊ नये. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "सुजाता, मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीये. पण तू तिची मुलगी आहेस. तू संघटनेत आहेस. तू आतली आहेस गं, म्हणून तुझं म्हणणं मला जसंच्या तसं पुरावा म्हणून घेता येत नाही. मी बसून पाहिलंय ना, रोज. मला जे दिसलं नाही ते मी कसं लिहू?"

"तुम्ही बसता म्हणून ते दिसत नाही," मी म्हणाले. "ते पाहायचं असेल तर तुम्ही तिथं नसल्या पाहिजेत."

मॅडम प्रामाणिक होत्या, म्हणून त्यांनी ठरवलं की आईलाच विचारू. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या, बाजेवर बसल्या, रेकॉर्डिंग लावून फोन मधे ठेवला. आई भिंतीला टेकून बसली, पदर डोक्यावरून नीट घेऊन. ती फोनकडे बघत होती, मॅडमकडे नाही.

"ताई, शाळेत स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"आणि सगळी मुलं खातात?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "काऊन नाई खातीन? भूक साऱ्यायलेच लागते."

मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "खातीन म्हणजे?"

"खातील," मी म्हणाले.

मॅडम गेल्यावर आई झुणक्याला बसली आणि मी दारात उभी राहिले. "खोटं काऊन सांगितलं?"

"खोटं काय व्हतं त्याच्यात? ह्या महिन्यात मीच तर रांधून राहिली."

"अन् मॅडम गेल्यावर?"

"तवाचं त्यायनं इचारलं नाई." ती बेसन घोटत राहिली. मग पळी कढईच्या काठावर आपटून म्हणाली, "तू काय करशीन? पत्रक छापशीन. पंचफुलाबाईले चुलीपाशी येऊ देत नाई, असं. साऱ्या तालुक्यात वाटशीन. सौंसरच्या बसस्टँडवर लोक माहं नाव वाचतीन अन् शेंगा खाऊन त्याच कागदात फोलं टाकतीन. मंग समूह मले ठेवीन? अन् ठेवली तरी, मंग मी कोन व्हईन? ते, जिच्या हातचं कोनी खात नाई, ते बाई. आता निदान कोनाले मालूम नाई."

"साऱ्यायले मालूम हाय, आई."

"मालूम असनं येगळं. लिवलं असनं येगळं."

बाबा आतून म्हणाले, "दोघी चूप बसा वं, झुणका जळून राहिला." खरंच जळला होता. आम्ही तसाच खाल्ला.

मॅडमच्या मनात मात्र माझं वाक्य राहिलं होतं. त्यांनी गावात सांगितलं की नागपूरला जातेय, दोन-तीन दिवस येणार नाही. फक्त मला माहीत होतं की त्या दुसऱ्या दिवशी दुपारी, खीर-पुरीच्या दिवशी, न सांगता परत येणार. मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. बस आली, मॅडम उतरल्या, डोळ्यांत चोरून आंबे तोडायला निघालेल्या पोरीसारखी चमक. शाळा फाट्यापासून पायी थोडीच लांब. वाटेत संत्र्याची बाग लागते, मृगाच्या बहराची फळं धरलेली. त्या म्हणाल्या, "आज बघू या." मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी होईल. मनात आईसाठी भीतीही होती, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त आशा होती. शेवटचीच म्हणा.

आम्हा दोघींना एक साधी गोष्ट सुचली नव्हती. फाट्यावरच्या दुकानात सुमनबाईंचा भाचा बसतो. बसनं धूर सोडायच्या आत त्याचा फोन शाळेत पोचला होता.

आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा आई चुलीपुढे होती, हातात पळी, खिरीच्या मोठ्या पातेल्यात बुडवलेली. पोरं ताटं घेऊन रांगेत. कांताबाई बाजूला लसूण सोलत. खिरीला लसूण! मॅडमचा चेहरा उजळला. मला सुटका झाल्याचा आनंद दिसला त्या चेहऱ्यावर, माझं म्हणणं खरं निघालं नाही याचा. त्यांनी फोन काढून फोटो घेतला. मी आईकडे पाहत होते. अंगावर जुनं पातळ होतं, जांभळी साडी नव्हती. आणि पळी धरलेल्या हातावर, बोटांपासून पार मनगटाच्या वरपर्यंत, राख होती. ओली, करडी, भांडी घासताना लागते ती. तिला घासत्या भांड्यांवरून उठवून आत ढकललं होतं, हात धुवायलाही वेळ मिळाला नव्हता. मॅडमना पळी दिसली. राख माझ्याच डोळ्यांना दिसली.

आईनं वाढलं. सगळ्यांना वाढलं. खीर कांताबाईनं केली होती, पण आता पळी आईची लागली होती. मॅडम गुरुजींच्या खोलीत पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात कांताबाई दात आवळून म्हणाली, "आता ही खीर कोन खाईन वं? साऱ्या लेकरायचा सण बुडवला तुनं." जिनं पळी हातात कोंबली तीच विचारत होती.

माझं नाव ज्या बाईवरून ठेवलं तिच्या हातची खीर तथागतानं खाल्ली, हे आमच्या विहारात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शाळेच्या मागे लिंबाखाली मी गेले, तर भिंतीला लागून खिरीचा ढीग पडला होता. ताटंच्या ताटं ओतलेली. दोन कुत्री घाईनं चाटत होती आणि काही पोरं हात झटकत परत येत होती. आमच्या मोहल्ल्यातली पोरं तिकडे व्हरांड्यात बसून खाली मान घालून पुरी खात होती. मी धावत गेले आणि मॅडमचा हात धरून त्यांना ओढत मागे आणलं. "बघा," मी म्हणाले. "आता तर दिसलं?"

मॅडम ढिगाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एका मुलाला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला. "बाळा, खीर का टाकलीस रे?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुमनबाईंकडे. "पोट भरलं व्हतं."

"आणि तू?"

"मले गोड नाई आवडत."

सुमनबाई म्हणाल्या, "आजकालची लेकरं मॅडम, घरी गोडधोड खाऊन खाऊन माजली." मॅडमनी वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी नंतर छापील वाचलं: काही मुलांनी गोड पदार्थ टाकून दिल्याचे आढळले, कारण स्पष्ट होऊ शकले नाही. कारण सांगणारं माणूस त्यांच्या शेजारीच उभं होतं, त्यांच्याच हाताला धरून. पण ते आतलं होतं.

त्या गेल्या तेव्हा गावानं त्यांना साडी-नारळ दिला, सुमनबाईंनी डोळे पुसले, ते अश्रूही खरे होते. फाट्यावर मला म्हणाल्या, "तू फार हुशार आहेस. पण तू फार जवळ उभी आहेस सुजाता. थोडं अंतर घ्यायला शीक, मग तुला नीट दिसेल." मी बसच्या धुराकडे बघत विचार करत राहिले की अंतर घेऊन उभं राहायला जागा कुठे आहे. ओसरीत तर मी होतेच. पुढे मीही एम.एस.डब्ल्यू. केलं, याच विषयावर प्रबंध मांडायला गेले, तर मार्गदर्शक म्हणाले, तुम्ही स्वतः त्यातल्या, वस्तुनिष्ठता कशी येईल? आणि इकडे गावात आमच्याच मोहल्ल्यातले लोक म्हणतात, "तू शिकली, आता बाहेरची झाली." दोन्ही बाजूंनी दार एकाच वेळी लावता येतं, हे मी शिकले.

आईचं काय झालं, ते सांगते. मॅडम गेल्याच्या दुसऱ्या सकाळी ती जांभळी साडी नेसूनच गेली, सवयीनं. सुमनबाईंनी काही न बोलता भांड्यांकडे बोट केलं. काही दिवसांनी तेही गेलं. सुमनबाई म्हणाल्या, "पंचफुला, आता निरीक्षण मोबाइलवर होते, फोटो धाडला की झालं. तुले रोज रोज याची तसदी कायले? फोटो असला की बोलावतो." बोलावतात. पोराला पाठवतात, आई साडी बदलून जाते, चुलीपुढे बसते, पळी धरते, फोटो निघतो, परत येते. जेवण तोवर झालेलं असतं, चूल कधी कधी विझलेलीही असते. मी त्यावर पत्रक लिहिलं. घरी छापखान्यातून आलेला गठ्ठा ठेवला तर आईनं तो उचलून चुलीजवळ ठेवला आणि पावसाळाभर जळण पेटवायला वापरला. मी तिला अडवलं नाही. मी तक्रार अर्ज दिले, चौकशीला माणूस आला, आधी फोन आला, आई चुलीपुढे होती. आता जिल्हा पांढुर्णा झाला, ऑफिस जवळ आलं. फोनही जवळ आला.

मॅडमचा अहवाल आला तेव्हा त्यात पानभर आईचा फोटो होता, त्या खिरीच्या दिवसाचा. खाली लिहिलं होतं, बदलत्या गावाची रसोइया. आईनं बाबांना सौंसरला पाठवून तो काचेत मढवून आणला आणि दोन तसबिरींच्या खाली लावला. काचेवर ती फडकं मारते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मी काढून टाकायला हात नेला होता एकदा. नुसता नेला.

परवाच नागपूरहून एक मुलगा आला, आमच्यातलाच, बौद्ध घरातला, पीएच.डी. करणारा. आल्या आल्या जयभीम केला, बूट न काढता आत यायला बिचकला नाही, सांगितलं की आता बाहेरच्यांनी आपल्यावर लिहायचे दिवस गेले, आपलं आपणच लिहायचं. मला तो आवडला. माझीच भाषा बोलत होता. आईनं त्याच्यासाठी पेटी काढली आणि आत जाऊन जांभळी साडी नेसून आली. तो समोर बसला. म्हणाला, "मावशी, माझ्यापाशी खरं बोला. मी काही परका नाही."

"मी शाळेत रांधत व्हती," आई म्हणाली, आणि भिंतीकडे बोट केलं. "हे पाहा."

तो उठून फोटोजवळ गेला. पळीवरून त्याची नजर खाली मनगटावर आली आणि तिथेच थांबली. राख त्याला दिसली. इतक्या वर्षांत काचेच्या बाहेरून ती माझ्याशिवाय कोणालाच दिसली नव्हती. तो वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ही राख..."

आईनं त्याला पुढे बोलू दिलं नाही. "तुही माय काय करते बाप्पा?"

"मोठ्या दवाखान्यात कामाला आहे."

"सिस्टर हाय?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. बाहेर शनिवारच्या जीपगाड्या भोंगे लावून चालल्या होत्या. त्यांचा आवाज त्यानं ओसरू दिला.

"हाव," तो म्हणाला. "सिस्टर."

"मंग," आई म्हणाली, "मी रसोइया." आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला उठली.